जुन्या अर्जाखाली

अंबडच्या बाजारात बांगड्यांची दुकानं बरीच आहेत, पण हात भरायचा तो आसिफाकडेच, असं आसपासच्या गावांतल्या बायकांचं ठरलेलं. हात हलके हलके दाबत राहायचं, बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि तिला कळायच्या आत काचेचा चुडा मनगटावर चढवायचा. बोलण्यात तर आसिफाचा हात धरणारं कोणी नाही. समोरच्याला मान हलवण्यापलीकडे काम उरत नाही. आणि नशिबाची थट्टा बघा, अशा बाईच्या पोटी जी लेक आली तिला जन्मापासून ऐकूच येत नव्हतं.

लेकीचं नाव कशफ. ती चालायला लागली त्या सुमारास तिचं ऑपरेशन झालं. डोक्यात कानाच्या वर एक बारीकसा भाग बसवला आणि बाहेर कानामागे मशीन आलं. मशीनला एक गोल चकती, ती केसांवरून चुंबकानं चिकटते. बाहेरचं मशीन ऐकतं, चकती ते आत पोचवते. बाहेरचं बंद पडलं की आतलं असून नसून सारखंच. मशीन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा पोर घाबरून रडली होती. पण दुकानात आणल्यावर आसिफानं तिच्यापुढं काचेच्या बांगड्या खुळखुळवल्या, तेव्हा पोरीनं जे डोळे मोठे केले ते आसिफा मरेपर्यंत विसरायची नाही.

मग दर आठवड्याला एसटीनं जालन्याला थेरपी. थेरपीवाल्या बाईंनी एकेक शब्द पोरीच्या तोंडात अक्षरशः ठेवला. पानी आलं, चाय आलं, अम्मी आलं. बाप इमरान जालन्याला गॅरेजात कामाला, तो रविवारी घरी आला की अब्बू आलं. आणि एक दिवस नाना आलं.

नाना म्हणजे आसिफाचे अब्बा, अजमतमियाँ. अंबडच्या कोर्टासमोर टाइपरायटर मांडून अर्ज लिहून देण्यात त्यांची हयात गेली. आता गुडघे बोलायला लागले म्हणून घरी असतात. दुपारी मशिदीतून येताना ते दुकानाच्या मागच्या दारानं चपला हातात घेऊन आत शिरायचे, कशफच्या पाठीमागं गुपचूप उभे राहायचे आणि विचारायचे, "कौन आया?" कशफनं मागं न बघता ओरडायचं, "नाना!" हा रोजचा खेळ. पाठीमागून ऐकून जवाब दिला म्हणजे कान खरे झाले, असं थेरपीवाल्या बाईच म्हणाल्या होत्या.

आणि रमजान ईदच्या हप्त्यात मशीनचा दिवा विझला. सेल बदलले, वायर बदलली, काही उपयोग नाही. जालन्याच्या बाईंनी बघून सांगितलं, आतून गेलंय, कंपनी बदलून देईल, वॉरंटी आहे, पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला मेल करा. जाता जाता हेही म्हणाल्या की जास्त दिवस असं ठेवू नका, नवे शब्द आहेत, निसटतात. आसिफाच्या काळजात ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं.

मेल करायचं काम अब्बांनी आपल्याकडे घेतलं. कोण घेऊ देणार नाही? हयात अर्जात गेलेला माणूस. मोबाइलची बटणं त्यांच्या बोटांना पुरत नाहीत, म्हणून ते कोर्टाजवळच्या हरिओमच्या ऑनलाइन सेंटरवर जायचे आणि त्याच्या कीबोर्डवर दाणदाण टाइप करायचे. हरिओम चाळिशीचा, अब्बांच्या हाताखाली टायपिंग शिकलेला, तो बिचारा आपली खुर्ची देऊन उभा राहायचा. प्रति, विषय, महोदय, विनंती अर्ज सादर करतो की. असा मजकूर की वाचणाऱ्यानं उठून उभं राहावं.

जवाब आला नाही. मग अब्बांनी नेम धरला, दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की थेट हरिओमकडे आणि नवा अर्ज. स्मरणपत्र, मग पुनश्च स्मरणपत्र, मग अतितातडीचे स्मरणपत्र. दर वेळी विषय नवा, मजकूर नवा, तारीख नवी. घरी येऊन सांगायचे, "आज असं लिहून आलोय, आता बघच." आसिफा इकडून फोनवर फोन करायची. फोनवर दर वेळी वेगळा माणूस, आणि दर वेळी एकच पाठ केलेलं उत्तर: तुमची तक्रार नोंदली आहे, नंबर आला की कळवू.

बकरी ईदही होऊन गेली. कशफ हळूहळू गप्प झाली. आधी चाय गेलं, मग पानी गेलं, आता ती ग्लासाकडे बोट दाखवायची. एकदा तिनं गल्ल्याजवळच्या बांगड्या उचलून कानाशी हलवल्या, त्यांच्याकडं बघत राहिली आणि त्या परत जागच्या जागी ठेवून दिल्या. आसिफा त्या वेळी एका बाईचा हात भरत होती. तिच्या हातून बांगडी फुटली, असं वर्षानुवर्षांत झालं नव्हतं. अब्बा मात्र रोज दुपारी चपला हातात घेऊन पोरीच्या मागं उभे राहायचे आणि विचारायचे, "कौन आया?" थोडा वेळ थांबायचे आणि मग समोर येऊन बसायचे.

त्या शुक्रवारी आसिफानं ठरवलं की आज फोन ठेवायचाच नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं तर बसेल, नाहीतर जाईल दुसरीकडं. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि फोन लावला. पलीकडं वंदना नावाची बाई होती. आसिफानं पहिल्यांदाच सांगून टाकलं की नंबर आल्यावर कळवू हे सोडून काय असेल ते बोला, मी हलणार नाही. वंदनाला बहुतेक हसू आलं असावं. ती म्हणाली, थांबा ताई, बघते. मग म्हणाली, पण तुमची तक्रार तर गेल्याच शुक्रवारची आहे.

"गेल्या शुक्रवारची? मॅडम, ईदच्या हप्त्यातली हाय ती. तवापासून दर हप्त्याला मेल करून राह्यलो आम्ही."

"तेच झालंय ना, ताई," वंदना म्हणाली. "दर वेळी नवी मेल. एकाच ईमेल पत्त्यावरून नवी तक्रार आली की आमचं सॉफ्टवेअर जुनी बंद करतं आणि तारीख नवी धरतं. तुम्ही दर आठवड्याला रांगेतून निघून परत शेवटी जाऊन उभे राहिलात."

दर शुक्रवारी अब्बा छाती पुढं काढून सांगत होते, आता बघच. आणि दर शुक्रवारी तेच पोरीला मागं ढकलत होते. संताप आला, भयंकर आला. पण तो कुणावर काढायचा?

मग तिनं विचारलं, सॉफ्टवेअरला कळत कसं नाही की बाई तीच, पोर तीच, मशीन तेच? वंदनानं समजावून सांगितलं. प्रत्येक मेलच्या माथ्यावर, आपल्याला एरवी दिसत नाही असा, त्या मेलचा स्वतःचा नंबर असतो, तसा दुसरा जगात नसतो. आपण रिप्लाय दाबून लिहिलं की आधीच्या मेलचा नंबर नव्या मेलच्या माथ्यावर आपोआप लिहिला जातो, हे त्याचं उत्तर म्हणून. पुढं रिप्लायवर रिप्लाय होत गेले की मागच्या सगळ्या मेलचे नंबर ओळीनं सोबत चालत येतात. सॉफ्टवेअर मजकूर वाचत नाही, माथा वाचतं. ओळखीचा नंबर दिसला तर मेल जुन्या बोलण्यात नेऊन बसवतं, नाही दिसला तर नवी तक्रार.

आसिफाला हे लगेच कळलं. आष्टीला तिची फुफी, अब्बांची बहीण सुगराबी आहे, तिच्या दारात कुणीही पोरगी उभी राहिली की फुफी आधी विचारते, कुणाची गं तू? बापाचं नाव सांगितलं, आजाचं सांगितलं की फुफीला सगळं घराणं कळतं आणि पोरीला घरात घेतात. नाव नाही सांगितलं तर पोरगी परकी. अब्बांच्या सगळ्या मेली अशाच परक्या होऊन दारात उभ्या होत्या, एकीनंही बापाचं नाव सांगितलं नव्हतं.

वंदनाला तिच्या बाजूनं जुनी तक्रार उघडता येत नव्हती, पण तिनं उपाय सांगितला. पहिल्या मेलच्या रिप्लायमध्ये लिहा, म्हणजे पहिली तक्रार परत उघडेल आणि तारीख पहिलीच राहील. पण आजच लिहा, मशीन आली आहेत, उद्या सकाळी तारखेप्रमाणे वाटप आहे. आणि त्यानंतर कृपा करून नवी मेल टाकू नका, नाहीतर पुन्हा तेच होईल.

आसिफानं घड्याळाकडं बघितलं. शुक्रवार. जुम्मा होऊन गेला होता. तिनं कशफला कडेवर घेतलं, शेजारच्या द्वारकाबाईंना दुकानाकडं बघायला सांगितलं आणि भर उन्हात चपलेचा पट्टा तुटेस्तोवर कोर्टाच्या रस्त्यानं निघाली. पट्टा खरोखरच तुटला. मग ती तशीच चालली.

हरिओमच्या सेंटरवर पोचली तेव्हा अब्बा बशीत चहा ओतून निवांत पीत बसले होते. अर्ज पाठवून झाला होता. आज तर त्यांनी 'अंतिम स्मरणपत्र' असं लिहिलं होतं. आसिफानं धापा टाकत सगळं सांगितलं. घरात बोलणं उर्दूच, पण हरिओमसमोर बापलेकी भांडायचं झालं तरी मराठीतच भांडत, त्यालाही निवाडा करता यावा म्हणून. अब्बांनी बशी खाली ठेवली. चेहरा असा झाला की आसिफाला वाटलं, थोडं सावकाश सांगायला हवं होतं.

"म्हंजे मीच?" ते म्हणाले. "मीच पोरीला मागं सारत गेलो?"

हरिओम चटकन म्हणाला की चाचा, तुम्हाला काय माहीत, मला तरी कुठं माहीत होतं. आसिफाला खोटं सांगता येत नव्हतं आणि खरं त्यांना कळलेलंच होतं.

"दुःख नंतर करू," ती म्हणाली. "आज संध्याकाळच्या आत पहिल्या मेलखाली लिहायचंय. जल्दी करा."

इथं अब्बा अडले. एवढं होऊनही अडले, काय करावं या माणसाला. जुन्या अर्जाखाली नवा मजकूर लिहायचा नसतो, ते म्हणाले. कोर्टात, तहसिलीत, सगळीकडं तोच कायदा. जुन्या अर्जाखाली लिहायचा हक साहेबाचा, तो तिथं शेरा मारतो. अर्जदारानं लिहिलं तर ती गुस्ताखी. एकदा एका शेतकऱ्यानं जुन्याच अर्जाखाली चार ओळी खरडल्या, तर साहेबानं कागद त्याच्या अंगावर भिरकावला होता, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तर दर वेळी कोरा कागद, नवी तारीख, नवा विषय. गरिबाची इज्जत कोऱ्या कागदात असते, असं त्यांनी हयातभर लोकांना सांगितलं होतं.

"मंग आज आपन शेरा मारू, अब्बा," आसिफा म्हणाली. "बघू कोन कागद भिरकावतं ते."

अब्बांनी खुर्ची तिच्याकडं सरकवली.

पण पेच पुढंच होता. पहिल्या अर्जाची कंपनीकडून पोच आली होती, तिलाच रिप्लाय करायचा. ती सापडेना. हरिओमनं सगळं चाळलं, कचऱ्याचा डबाही बघितला. अब्बांनी खाली मान घालून सांगितलं की आपोआप आलेला कागद, खाली सही नाही, नाव नाही, असले कागद मी ठेवत नाही, लगेच फाडतो. म्हणजे पोच त्यांनी त्याच दिवशी डिलिट केली होती आणि डब्यातूनही ती कधीच निघून गेली होती. हरिओमनं हात टेकले. म्हणाला, आपा, आता सोमवारी फोन करून बघू.

सोमवारी म्हणे! आसिफानं कशफला अब्बांच्या मांडीवर दिलं आणि स्क्रीनसमोर सरसावून बसली. त्यांची पोच गेली तर गेली. पण आपण पाठवलेली मेल तर आपल्याकडं आहे ना? प्रत्येक मेलला नंबर असतो, असं ती बाई म्हणाली, मग आपल्या मेललाही असणारच, आणि कंपनीनं तोच तर पहिल्यांदा नोंदला असणार. तिनं हरिओमला पाठवलेल्या मेली उघडायला लावल्या. तळाशी, ईदच्या हप्त्यातली, अब्बांची पहिली मेल तिथं होती. हरिओमनं 'मूळ मेल दाखवा' दाबलं. इंग्रजी ओळींचा ढीग खाली आला आणि त्यात 'मेसेज-आयडी' अशी ओळ, पुढं आकड्याअक्षरांची लांबच लांब माळ.

"आपलीच मेल, आपलाच रिप्लाय? चालंल का?" हरिओमला शंका.

आसिफा म्हणाली, चालतं का नाही ते करून बघायचं, विचारत कशाला बसायचं. तिनं अब्बांच्या खात्यातून हरिओमच्या खात्यावर एक मेल टाकली. मग पाठवलेल्यांत जाऊन त्याच मेलला रिप्लाय केला. मग तिसरी एक कोरी मेल लिहिली. हरिओमच्या मोबाइलवर पहिल्या दोन्ही एकाखाली एक, एकाच घरात बसल्या आणि तिसरी बाहेर वेगळी उभी राहिली. दुसरीचा माथा उघडून बघितला, तर तिथं 'इन-रिप्लाय-टू' म्हणून ओळ आणि तिच्यापुढं पहिलीचाच नंबर, अक्षर न् अक्षर तोच. खाली 'रेफरन्सेस' म्हणून तोच नंबर परत. हरिओम म्हणाला, बराबर हाय की हो.

तिनं अब्बांची पहिली मेल उघडली, रिप्लाय दाबलं. पाठवायचा पत्ता आपोआप कंपनीचाच आला. विषयाच्या रकान्याला हात लावायचा नाही, एवढं तिनं अब्बांना बजावलं, कारण त्यांचा हात तिकडं वळलेला तिला दिसला होता. मग ती उठली आणि खुर्ची परत त्यांना दिली. लिहायचं त्यांनीच, हे तिच्या मनात पक्कं होतं.

अब्बांनी कीबोर्डवर बोटं ठेवली. सवयीनं 'महोदय' लिहिलं आणि स्वतःच पुसलं. मांडीवरची कशफ त्यांच्या बोटांकडं बघत होती. त्यांनी लिहिलं, "माझी नात अजून ऐकत नाही. शब्द विसरत चालली आहे. हा अर्ज पहिलाच आहे, तोच चालू आहे. मशीन द्यावे." खाली नाव. आयुष्यातला सगळ्यात आखूड अर्ज. पाठवायचं बटणही त्यांनीच दाबलं.

थोड्या वेळानं आपोआप पोच आली. सही नव्हती, नाव नव्हतं. पण तक्रारीची तारीख ईदच्या हप्त्यातली होती. अब्बांनी हरिओमला तिची छापील प्रत काढायला लावली, घडी घालून छातीच्या खिशात ठेवली आणि त्या दिवसापासून दर शुक्रवारी ते हरिओमकडं नुसता चहा प्यायला जाऊ लागले. कोरी मेल लिहायची हुक्की आली तर हरिओम कीबोर्डच उचलून ठेवायचा.

मशीन कुरिअरनं आलं, कशफच्या मापाचा प्रोग्राम भरूनच आलं. आसिफानं शटर अर्धं ओढलं, पोरीला गादीवर बसवलं, मशीन कानामागं लावलं आणि चकती केसांवरून जागेवर चिकटवली. हिरवा दिवा लागला. कशफ दचकली, तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. आसिफानं बांगड्या खुळखुळवल्या. पोरीनं वर बघितलं, हात पुढं केला आणि बांगड्या काढून घेतल्या. ऐकू येत होतं. पण तोंडातून काही निघालं नाही. पानी म्हण, आसिफा म्हणाली. अम्मी म्हण. कशफ बांगड्या हलवत राहिली.

तेवढ्यात मागचं दार करकरलं. अब्बा चपला हातात घेऊन आत आले आणि पोरीच्या पाठीमागं उभे राहिले.

"कौन आया?"

पाठ हलली नाही. बांगड्या वाजत राहिल्या. अब्बा थांबले, मग घसा खाकरून त्यांनी नव्यानं सुरुवात केली, कशफ बेटा, देखो, आप के नाना आए हैं, आप के वास्ते... मोठा अर्जच चालू झाला. आसिफानं त्यांचं मनगट धरलं.

"नवा कुछ नको, अब्बा," ती हळू आवाजात म्हणाली. "वहीच बोलो."

अब्बांनी ओठ मिटले. चपला खाली ठेवल्या, परत हातात घेतल्या आणि रोजच्याच आवाजात, रोजच्याच जागेवरून विचारलं, "कौन आया?"

बांगड्या थांबल्या. कशफनं मागं वळून बघितलं नाही.

"नाना," ती म्हणाली.